कर्ज थकलंय आणि गाळा, मिल, ढाबा विकायचाय? दलालाच्या आधी उतारा काढा

गिऱ्हाईक नाही, गिऱ्हाईक नाही ही ओरड सगळ्यांचीच. खोटी पण नाही. बायपास झाल्यावर जुन्या हायवेवरचा ढाबा कोण घेतो, कॉम्प्लेक्सच्या दुसऱ्या मजल्यावरचा गाळा वर्षानुवर्षं शटर लावून पडलेला असतो, आणि बंद जिनिंगला तर भंगारवाल्याशिवाय कोणी विचारत नाही. पण रजिस्ट्री ऑफिसात रोज लोकांचे कागद बघतो तर दिसतं वेगळंच. गिऱ्हाईक येतं, बयाणा देतं, आणि मग सौदा कागदावर अडकून मोडतो. ज्याच्या मागे बँक लागलीय त्याचा नुसता सौदा जात नाही, नोटिशीचे दिवसपण जातात, आणि ते परत मिळत नाहीत. म्हणून आधी कागद, मग दलालाला फोन.

विकायचा हक्क तुमचा आहे का

"माझ्याच नावावर आहे ना भो" एवढ्याने भागत नाही, नाव कशाने लागलंय ते बघा. महापालिका-नगरपालिकेच्या मार्केटमधला गाळा भाडेपट्ट्यावर असतो. वडिलांपासून दुकान चालवलं, आत लाख रुपयांचं फर्निचर केलं, तरी मालक पालिकाच. तिथे विक्री नसते, पालिकेच्या परवानगीने हस्तांतर होतं, आणि कराराची मुदतच संपलेली असेल तर हस्तांतर तरी कशाचं करणार? तरीही असे गाळे स्टॅम्पपेपरवर "विकले" जातात, आणि घेणारा-देणारा दोघं नंतर रडतात.

एमआयडीसीचा प्लॉट साधारण ९५ वर्षांच्या लीजवर असतो. खरेदीखताआधी महामंडळाची परवानगी आणि ट्रान्सफर फी लागते, आणि तिथे पहिलाच प्रश्न येतो तो बांधकाम पूर्णत्वाच्या दाखल्याचा. जळगावात दालमिल असो की चटईचा कारखाना, मागे पत्र्याचं शेड वाढवलेलं असतंच आणि मंजूर नकाशात ते नसतं. ते नियमित करा नाहीतर पाडा, पण अर्ज टाकायच्या आधी. लीजचे हक्क विकल्यावर १८ टक्के जीएसटीच्या नोटिसा बऱ्याच जणांना आल्या होत्या. गुजरात हायकोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये असा जीएसटी लागत नाही असं म्हटलंय, पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका, लागलाच तर कोण भरेल हे सौद्यात एका ओळीत लिहून घ्या.

सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २, म्हणजे अटींवर मिळालेली जमीन, असं लिहिलेलं असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय, म्हणजे बहुतेक वेळा कलेक्टरच्या, विकलं की शर्तभंग. नजराणा, म्हणजे परवानगीसाठी सरकारला द्यायची रक्कम, भरावा लागतो आणि वेळ खातं, म्हणून सगळ्यात आधी हाच अर्ज. गावठाणातलं दुकान असेल तर लोक नमुना ८ घेऊन येतात. अहो, तो ग्रामपंचायतीचा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही. जुनं खरेदीखत असेल तर ते काढा, स्वामित्व योजनेत गावाची ड्रोन मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रक मिळतंय का बघा.

वडील वारले असतील तर वारस नोंद, आणि वारस नोंदीत बहिणी. बहीण सुरतला दिलेली असते, तिची सही "नंतर घेऊ" म्हणतात आणि रजिस्ट्रीच्या दिवशी मेव्हणा फोन उचलत नाही. तिला आधी विचारा, नीट बोला, तिचा हक्क आहे तो. ती सोडत असेल तर हक्कसोड रजिस्टर करावं लागतं, शंभराच्या स्टॅम्पवर लिहून नोटरी केलेलं चालत नाही. पार्टनरशिपची मिल असेल तर सगळ्या पार्टनरच्या सह्या, रुसलेल्या पार्टनरची पण.

बंद पडलेल्या पतसंस्थेचा बोजा

आता सगळ्यात जास्त अर्ज जिथे अडतात ते. सातबाऱ्याच्या इतर हक्कात खाली एक ओळ असते, अमुक पतसंस्थेचा बोजा, चाळीस हजार, फेरफार नंबर, वर्ष १९९८. कर्ज वडिलांनी घेतलं, वडिलांनीच फेडलं, सगळ्या घराला माहिती. पण बोजा कमी करायला कोणी गेलंच नाही, आणि मधल्या काळात पतसंस्था बुडाली. आपल्याकडे किती पतसंस्था बुडाल्या ते मी काय सांगू. आता गिऱ्हाइकाची बँक म्हणते निल दाखला, म्हणजे काही बाकी नाही असा दाखला, आणा, तलाठी, म्हणजे आता ग्राम महसूल अधिकारी, तेच म्हणतो, आणि पतसंस्थेच्या जागी मोबाईलचं दुकान आहे.

यातून वाट आहे. संस्था अवसायनात गेली, म्हणजे कायद्याने गुंडाळायला काढली असेल तर तिच्यावर अवसायक नेमलेला असतो, तो कोण हे तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात नाहीतर जिल्हा उपनिबंधकांकडे कळतं. त्याच्या नावाने अर्ज करा, सोबत फेडल्याच्या पावत्या, पासबुक, काय असेल ते जोडा. पावती नसेल तर संस्थेच्या कर्ज खतावणीतून उतारा मागा, दफ्तर अवसायकाकडे असतं. पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका, तोंडी "बघतो" वर महिने जातात. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात विचारा. दाखला हातात आला की ई-हक्क या सरकारी वेबसाइटवरून बोजा कमी करायचा अर्ज घरबसल्या होतो, पण फेरफारची नोटीस पंधरा दिवस राहते आणि मग मंडळ अधिकारी मंजूर करतो. हे पंधरा दिवस कोणी धरतच नाही, म्हणून "परवा रजिस्ट्री" ठरवून बसलेल्यांची फजिती होते.

चालू कर्जाच्या बँकेबद्दल एक गैरसमज फार पसरलाय. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे ना, कर्ज फेडल्यावर तीस दिवसांत कागद परत नाहीतर रोजचे पाच हजार? आहे, सप्टेंबर २०२३ चा आहे, पण तो वैयक्तिक कर्जांसाठी आहे. मिलच्या सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट, कर्जाला तो दाखवत बसलात तर मॅनेजर गालात हसेल. तुम्ही बँकेकडून लेटरहेडवर लिहून घ्या की इतकी रक्कम अमुक तारखेपर्यंत आली की इतक्या दिवसांत मूळ कागद आणि निल दाखला देऊ. हे पत्र असेल तरच शहाणं गिऱ्हाईक पैसे थेट बँकेत भरतं.

रस्त्यात गेलेली जागा

जुन्या नॅशनल हायवे सहावरच्या, म्हणजे आताच्या त्रेपन्नवरच्या लोकांसाठी खास. चौपदरीकरणात पुढची जागा संपादनात गेली, मोबदला घेतला, पण सातबाऱ्यावर क्षेत्र जुनंच राहिलं. गिऱ्हाईक मोजणी करतं, जागा कमी भरते, आणि तुम्ही फसवताय असं त्याला वाटतं. भूमी अभिलेखकडे कमी-जास्त पत्रक, ज्याला सगळे कजाप म्हणतात, ते झालंय का विचारा, नसेल झालं तर पाठपुरावा तुम्हालाच करावा लागणार, ते आपणहून करत नाहीत. सोबत बिनशेती आदेश आणि भोगवटा प्रमाणपत्र पण शोधा. बिनशेती आदेशाची नक्कल रेकॉर्ड रूममध्ये निघते. भोगवटा प्रमाणपत्र मात्र बहुतेकांनी घेतलेलंच नसतं, आणि त्याच्याशिवाय गिऱ्हाइकाला कर्ज मिळणं अवघड, मग उरतो फक्त रोखीवाला, आणि तो भाव पाडून मागतो.

नोटीस आली असेल तर

खातं नव्वद दिवस थकलं की एनपीए, म्हणजे थकीत खातं, मग सरफेसीची, म्हणजे बँकेला कोर्टात न जाता तारण विकून वसुली करू देणाऱ्या कायद्याची, साठ दिवसांची नोटीस. लोक साठ दिवस म्हणजे जागा खाली करायची मुदत समजतात आणि घाबरतात, नाहीतर लिलावापर्यंत वेळ आहे समजून निवांत राहतात. दोन्ही चूक. साठ दिवस पैसे भरायला आहेत. लेखी हरकत घेतली तर बँकेला पंधरा दिवसांत उत्तर द्यावं लागतं, म्हणून हरकत लेखीच घ्या. साठ दिवसांनंतर बँक आधी दारावर कागद चिकटवून ताबा घेते, प्रत्यक्ष ताब्याला सहसा कलेक्टरचा आदेश काढते. ताब्याविरुद्ध डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, जायचं तर पंचेचाळीस दिवस.

आणि हे दोनदा वाचा: नोटीस मिळाल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय ती मिळकत विकता येत नाही, भाड्यानेपण देता येत नाही. नोटीस कपाटात ठेवून बयाणा घेणारे भेटतात, त्यांना वाटतं गिऱ्हाइकाच्या पैशातूनच बँक फेडू ना. मग आधी बँकेत जा, अर्ज द्या की ग्राहक मी आणतो, खाजगी विक्रीला संमती द्या. बऱ्याच बँका ऐकतात, लिलावात कोणी बोली लावत नाही हे त्यांनाही माहीत असतं.

सगळी रक्कम भरून मिळकत सोडवायचा हक्क लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच, लिलावाच्या दिवसापर्यंत नाही. २०१६ च्या दुरुस्तीनंतर हे असं आहे आणि सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये तेच सांगितलं. गोंधळ कुठून होतो तर पतसंस्थेची वसुली सहकार कायद्याच्या नियम १०७ ने होते, तिथे लिलाव झाल्यावरसुद्धा तीस दिवसांत थकबाकी आणि लिलावाच्या रकमेवर पाच टक्के भरून तो रद्द करून घ्यायचा अर्ज करता येतो. शेजाऱ्याने पतसंस्थेकडून अशी जागा सोडवलेली असते आणि त्याच्या भरवशावर हा बँकेच्या बाबतीत बसून राहतो. तुमच्या नोटिशीवर कोणता कायदा लिहिलाय ते वाचा, नाही कळलं तर वकिलाला दाखवा, दोनशे-पाचशे रुपये जातील.

रेडीरेकनर आणि टॅक्स

न खपणाऱ्या जागेचा सगळ्यात मोठा छळ इथे आहे. बाजारात भाव पडला म्हणून सरकारी भाव, म्हणजे रेडीरेकनर, पडत नाही, उलट २०२२ नंतर थांबलेले दर एप्रिल २०२५ मध्ये वाढले. समजा गाळ्याचं सरकारी मूल्य ४८ लाख आणि गिऱ्हाईक देतंय ३६. स्टॅम्प ४८ वर लागेल, तुमचा भांडवली नफाही ४८ धरूनच काढतील, आणि मधल्या बारा लाखांवर घेणाऱ्यालासुद्धा इन्कम टॅक्स लागेल. दहा टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो, म्हणजे सौदा ४४ लाखांचा असता तर प्रश्न नव्हता. खरंच भाव नसेल तर स्टॅम्पसाठी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्याकडे अभिनिर्णयाला, म्हणजे स्टॅम्प किती लागेल ते ठरवून घ्यायला, टाका, आणि इन्कम टॅक्समध्ये मूल्यांकन अधिकाऱ्याकडे पाठवायची मागणी करता येते. व्हॅल्युअरचा रिपोर्ट, शटर बंद असलेले फोटो, विकण्याच्या जाहिराती जपून ठेवा, तिथे कामाला येतात. दुकान बायकोच्या नावावर घेतलं की एक टक्का सूट मिळते असं गिऱ्हाइकाला कोणी सांगितलं असेल तर ती फक्त राहत्या घराला आहे.

सौदा किंवा सरकारी मूल्य, दोन्हीपैकी एक जरी ५० लाख किंवा वर गेलं तरी एक टक्का टीडीएस कापला जातो. पॅन-आधार लिंक नसेल तर तोच वीस टक्के होतो, आणि अडचणीतल्या माणसाचे वीस टक्के रिफंडच्या वाटेवर अडकतात. बयाणा वीस हजार किंवा वर रोखीत घेऊ नका, दंड घेणाऱ्याला म्हणजे तुम्हाला बसतो, घेतला तेवढाच.

बाकी किरकोळ: घरपट्टी भरल्याचा दाखला, महावितरणची थकबाकी शून्य, कारण ती जागेमागे लागते आणि नव्या मालकाला कनेक्शन देताना मागतात. मिल बंद असली तरी मंजूर लोडवरचा डिमांड चार्ज चालूच असतो, लोड कमी करा नाहीतर कायमचं कनेक्शन तोडायचा अर्ज द्या.

शेवटी टॅक्सचं एवढंच. विक्रीचे सगळे पैसे बँकेने घेतले, हातात रुपया आला नाही, तरी टॅक्स तुमच्याच नावावर निघतो. कर्जफेड ही वजावट नाही. वर सीएने दरवर्षी मिलच्या इमारतीवर घसारा घेतलेला असेल तर इमारतीचा नफा वीस वर्षांनी विकली तरी अल्प मुदतीचाच धरतात, जमिनीचा हिशोब वेगळा. तेव्हा बँकेला तडजोडीचा आकडा लिहून देण्याआधी सीएकडून टॅक्स किती बसेल ते कागदावर काढून घ्या, आणि तेवढे बाजूला ठेवूनच मॅनेजरशी बोला.