तिकिटावरचा वेळ आणि हवेतला वेळ

दोन शहरांमधलं हवाई अंतर किलोमीटरमध्ये काढायचं, विमानाचा वेग ताशी ९०० किमी धरून ९०० ने भागायचं आणि आलेल्या उत्तराला प्रवासाचा वेळ म्हणायचं, ही खोड काही केल्या जात नाही.

लंडन–न्यूयॉर्क घ्या. लंडनच्या हीथ्रो विमानतळापासून न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळापर्यंत सुमारे ५,५४० किलोमीटर. भागाकार सांगतो ६ तास १० मिनिटं. तिकीट सांगतं जाताना साधारण ८ तास, येताना ७.

कारण तिकिटावरचा वेळ उड्डाणाचा नसतोच, तो असतो ‘ब्लॉक टाइम’. चाकांपुढचे ठोकळे काढून विमान जागेवरून हललं की हे घड्याळ सुरू होतं आणि पलीकडे जागेवर लागलं की थांबतं. हवेतला वेळ म्हणजे चाकं धावपट्टी सोडतात तिथपासून टेकतात तिथपर्यंत. पायलट उद्घोषणेत सांगतो तो बहुधा हाच. मधला फरक ‘टॅक्सी’चा, म्हणजे विमान जमिनीवरून धावपट्टीपर्यंत आणि परत चालत जातं त्याचा: गर्दीच्या विमानतळावर निघताना २०-२५ मिनिटं रांगेत, उतरल्यावर आणखी दहाएक. म्हणजे ९:०० चं विमान ९:०० ला जागेवरून हललं आणि ९:२० ला उडालं, तर ते वेळेवरच निघालं.

शिवाय वेळापत्रकात कंपन्या थोडी मोकळीक आधीच पेरून ठेवतात. वीस मिनिटं उशिरा सुटलेलं विमान वेळेवर पोचलं की ‘पायलटने वेळ भरून काढला’ असं कौतुक होतं. अहो, वेग फारसा वाढलेलाच नसतो, पेरलेली मिनिटं वापरली जातात.

आणि ९०० चा वेग वाटभर नसतोच. १०,००० फुटांखाली अनेक देशांत २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किमीची मर्यादा आहे. म्हणून ३०० किमीला भागाकार २० मिनिटं म्हणतो आणि तिकीट तासाभराचं निघतं.

‘वारा जाता-येता फिटतो’ हेही खोटं. त्याच लंडन–न्यूयॉर्क मार्गावर, विमानाचा वेग ९०० च ठेवून, ताशी १५० किमीचा वारा धरा: सामोरा असेल तर ७ तास २३ मिनिटं, पाठीमागून ५ तास १७. बेरीज १२ तास ४० मिनिटं, वाऱ्याविना साधारण १२ तास २०. सामोऱ्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं, म्हणून तोटा उरतोच. फेब्रुवारी २०२० मध्ये एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोचलं ते जेट स्ट्रीमवर, म्हणजे खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या जोरदार वाऱ्यावर, स्वार होऊन. त्यावरून नेहमीचा अंदाज बांधू नये.

अंदाजच हवा तर किलोमीटर ८५० ने भागा, ४० मिनिटं जोडा. मध्य अक्षांशांत लांब पल्ल्याने पश्चिमेकडे जात असाल तर वर पाऊण तास. स्थानिक वेळांची थेट वजाबाकी नको, दोन्ही आधी यूटीसीत, म्हणजे जगभराच्या एकाच प्रमाणवेळेत आणा. आणि पुढचं विमान पकडायचं असेल तर हिशोब चाकं टेकल्यापासून नाही, दार उघडल्यापासून धरा.