वेबचं पहिलं काम: फोन नंबर शोधून देणं

वेबचा जन्म म्हटलं की टिम बर्नर्स-ली, सर्न (युरोपातली मोठी फिजिक्स लॅब), 1989 चा प्रस्ताव आणि त्यावर त्यांच्या साहेबांनी हाताने लिहिलेला तो "अस्पष्ट पण एक्सायटिंग" शेरा, एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं. पण सर्नमधल्या साध्या माणसाने वेब वापरायला सुरुवात कशासाठी केली हे फारसं कोणी सांगत नाही. तर ती केली टेलिफोन डिरेक्टरीसाठी!

झालं होतं असं, की सर्नची डिरेक्टरी होती एका मोठ्या मेनफ्रेम कॉम्प्युटरवर, आणि त्यात लॉगिन करून, त्याच्या कमांड पाठ करून नंबर काढावा लागायचा. काही लोक तर टेबलावर नवीन वर्कस्टेशन असूनही त्यात एक खिडकी कायम मेनफ्रेमला लॉगिन करून ठेवायचे, कशाला तर फक्त नंबर बघायला. बर्नर्स-ली आणि मंडळींनी काय केलं, तर डिरेक्टरी जागची हलवलीच नाही, तिच्यापुढे एक छोटा प्रोग्राम बसवला जो वेबकडून आलेला प्रश्न मेनफ्रेमला समजेल असा करायचा आणि उत्तर वेब पेजसारखं परत द्यायचा. पहिला ब्राउझर फक्त नेक्स्ट कंपनीच्या मशीनवर चालायचा आणि ती मशीन होती मोजकी, म्हणून निकोला पेलो या विद्यार्थिनीने साधा, नुसत्या अक्षरांचा ब्राउझर लिहिला जो कुठल्याही टर्मिनलवर चालेल. अनेकांसाठी वेब म्हणजे नंबर शोधायचा प्रोग्राम, बस.

गंमत म्हणजे फ्रान्समध्ये 1980 च्या दशकात मिनिटेल नावाची सेवा घरोघरी पोचली, तिचंही पहिलं मोठं काम टेलिफोन डिरेक्टरीच होतं. लोकांना माहिती हवी असते म्हणजे बऱ्याचदा एवढंच हवं असतं, कोणाचा नंबर काय. पण मिनिटेलला स्वतःचं टर्मिनल आणि स्वतःचं नेटवर्क लागायचं. ती 2012 मध्ये बंद झाली.

दुसरी गोष्ट स्लॅक या अमेरिकेतल्या फिजिक्स लॅबची. तिथल्या लायब्ररीकडे स्पायर्स नावाचा डेटाबेस होता, पार्टिकल फिजिक्सचे शोधनिबंध कोणी लिहिले, कुठे छापले याची नोंद ठेवणारा. बाहेरच्या शास्त्रज्ञाला त्यातून काही काढायचं तर त्या सिस्टिमची स्वतःची भाषा शिकायला लागायची. स्लॅकचे शास्त्रज्ञ पॉल कुन्झ 1991 च्या सप्टेंबरमध्ये सर्नला गेले होते, तिथे त्यांना वेबचा डेमो बघायला मिळाला, परत आल्यावर लायब्ररीतल्या लुईस ॲडिस यांनी विषय लावूनच धरला, आणि 12 डिसेंबर 1991 ला युरोपबाहेरचा पहिला वेब सर्व्हर सुरू झाला. त्याच्यावर होतं काय? सुरुवातीला मुख्यतः स्पायर्समध्ये शोधायची सोय. मग जानेवारी 1992 मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या एका परिषदेत बर्नर्स-लींनी भाषणाच्या शेवटी तिथूनच स्पायर्सला प्रश्न विचारून दाखवला आणि फिजिक्सवाल्यांना वेबचं महत्त्व एकदम कळलं. मला वाटतं वेब पसरायला रंगीत चित्रांआधी या गोष्टीचा जास्त हात आहे, कोणालाही आपला जुना डेटा उचलून दुसरीकडे न्यायला सांगितलं नाही, आहे तिथेच दार करून दिलं.

आता दार म्हणजे नेमकं काय ते बघू, कारण खरी युक्ती तिथे आहे. आपण शोधतो तेव्हा यूआरएलमध्ये, म्हणजे पानाच्या वेब पत्त्यात, सर्व्हरचं नाव येतं, मग पानाचा मार्ग, मग एक प्रश्नचिन्ह आणि त्याच्यापुढे आपण टाइप केलेले शब्द. सर्व्हर प्रश्नचिन्हापुढचा भाग एका प्रोग्रामकडे देतो, तो डेटाबेसमध्ये बघतो, तिथल्या तिथे पान तयार करतो, ते आपल्याकडे येतं आणि सर्व्हर आपल्याला विसरून जातो. सर्व्हरने प्रोग्रामशी कसं बोलायचं याची सीजीआय नावाची पद्धत 1993 मध्ये अमेरिकेतल्या एनसीएसए या संस्थेत ठरली आणि मग फॉर्म, बटणं सगळं आलं. म्हणजे बघा, आपल्या प्रश्नालाच पत्ता मिळाला! तो पत्ता मित्राला पाठवता येतो, बुकमार्क करता येतो, दुसऱ्या पानावरून लिंक करता येतो. आणि सर्व्हर काही लक्षात ठेवत नाही म्हणून गर्दी झाली की शेजारी अजून चार सर्व्हर उभे करता येतात, प्रश्न कोणाकडेही गेला तरी उत्तर तेच.

याच्या आधी डायलॉगसारख्या ऑनलाइन सेवा 1970 च्या दशकापासून होत्या, पण पैसे जोडणीच्या वेळेवर लागायचे, त्यामुळे सामान्य माणूस स्वतः बसायचाच नाही, ट्रेनिंग घेतलेला ग्रंथपाल आधी कागदावर प्रश्न नीट लिहून घ्यायचा आणि मगच लाइन जोडायचा. मेडलाइन हा वैद्यकीय निबंधांचा डेटाबेस 1971 पासून ऑनलाइन होता, तो पबमेडवर सगळ्यांना फुकट मिळाला 1997 च्या जूनमध्ये. मग पेशंटच स्वतःच्या आजाराचे निबंध शोधायला लागले.

फुकटचा मुद्दा निघालाच तर गोफर आठवतो, इंटरनेटवर मेनू धरून माहिती शोधायची वेबसारखीच एक सोय. तोही 1991 चा, मिनेसोटा विद्यापीठाचा, आणि सुरुवातीला वेबपेक्षा जोरात होता. 1993 मध्ये विद्यापीठाने काही सर्व्हरसाठी लायसन्सचे पैसे मागायचं ठरवलं, आणि त्याच वर्षी 30 एप्रिलला सर्नने वेबचं सॉफ्टवेअर सार्वजनिक करून टाकलं. पुढे काय झालं ते तुम्ही हा लेख ज्यावर वाचताय त्यावरून कळेलच.

आता माझं रडगाणं. एका साइटवर परवा अर्धा तास घालवून हवी ती यादी काढली, लिंक कॉपी करून पाठवली, समोरच्याला दिसलं "सेशन संपलं". कारण तिथे शोध गेट (GET) पद्धतीने न पाठवता पोस्टने (POST) पाठवलेला, म्हणजे प्रश्न यूआरएलमध्ये नाहीच, पाकिटात आतून गेला. पोस्ट आहे अर्ज भरायला, काही बदलायला, नुसतं वाचायला गेट असतं. पण साइटवाले हे पाळत नाहीत आणि मग उत्तराला पत्ताच उरत नाही. सर्च इंजिनचंही तेच, त्यांचे रोबो मुख्यतः लिंक धरून पुढे जातात, फॉर्मपुढे सहसा अडतात, त्यामुळे फॉर्ममागचा प्रचंड साठा शोधात येतच नाही, त्याला डीप वेब म्हणतात (गुन्हेगारीसाठी बदनाम ते डार्क वेब, वेगळं). सगळ्या पानांची यादी साइटमॅप म्हणून रोबोला देता येते, ही सोय 2005 पासून आहे. आणि माहिती कागद स्कॅन करून पीडीएफमध्ये टाकली असेल तर मशीनला ते नुसतं चित्र, त्यातला एक शब्द सापडणार नाही जोपर्यंत कोणी ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करायचं काम, करत नाही.

पत्ता बदलायलाच लागला तरी उपाय जुना आहे. सर्व्हरने 301 हा कोड आणि नवा पत्ता एवढं उत्तर दिलं की ब्राउझर गुपचूप तिकडे जातो, वाचणाऱ्याला कळतही नाही. सेटिंगमध्ये कधीकधी एका ओळीचं काम असतं ते, तरी साइट नवी केली की जुन्या सगळ्या लिंकवर 404, म्हणजे "पान सापडलं नाही".