छिन्नमनस्कता आणि आवाजाचे आकलन

छिन्नमनस्कता म्हणजेच स्किझोफ्रेनिया या आजारात कान सहसा शाबूत असतात. कानाने आणलेला आवाज चाळून त्याचा अर्थ लावण्याचे मेंदूचे काम बिघडते. ‘हाक मारली तरी ओ देत नाही’ असे घरचे म्हणतात, तेव्हा त्यामागे हट्ट किंवा आळस नव्हे, बरेचदा हा बिघाड असतो.

ठाणे स्थानकाच्या फलाटावर घोषणा, गाड्यांचा खडखडाट आणि गर्दीचा गलका यांतूनही सोबत्याचे बोलणे आपल्याला ऐकू येते, कारण तेच ते आवाज मेंदू मागे सारतो. अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोन ‘टक’ ऐकवले, तर दुसऱ्याला निरोगी मेंदूचा प्रतिसाद बराच कमी होतो. या आजारात तो तितका घटत नाही, असे १९८० च्या दशकापासूनच्या प्रयोगांत दिसले आहे. उलट, एकसुरी आवाजांत मध्येच वेगळा सूर आला की मेंदूत आपोआप उमटणारी दखल इथे क्षीण असते.

जवळजवळचे दोन सूर वेगळे ओळखणेही अनेकांना अवघड जाते आणि त्याची झळ संभाषणाला बसते. ‘आलास?’ आणि ‘आलास!’ यांत फरक फक्त सुराचा. ‘फार लवकर उठलास हो!’ यातले शब्द कळतात, टोमणा निसटतो. कधी साध्या बोलण्यातही राग भासतो.

सुमारे दहातील सात रुग्णांना, बोलणारे कोणी नसताना, आवाज ऐकू येतात. आपण बोलतो तेव्हा मेंदू आपल्याच श्रवणकेंद्राला ‘हे माझेच’ अशी आगाऊ सूचना देतो. ती दुबळी पडल्याने मनातले बोलणे परके वाटत असावे, हे एक प्रमुख स्पष्टीकरण आहे. पण त्याने सगळे उलगडत नाही. आवाज काय बोलतात, हे समाजावरही अवलंबून असते. मानवशास्त्रज्ञ टान्या लुहरमन यांच्या २०१५ मधील अभ्यासात कॅलिफोर्नियातील रुग्णांनी हिंसक आवाजांचे वर्णन केले, तर चेन्नईत अनेकांना नातेवाइकांचे, घरकाम सांगणारे आवाज येत होते.

ठाण्यात १९०१ पासून मनोरुग्णालय आहे. त्यावरूनच ‘याला ठाण्याला पाठवा’ ही मुंबईकडची थट्टा रूढ झाली. ती आजारी माणसाच्या कानावरही पडते, हे बोलणाऱ्याच्या ध्यानात नसते. याच शहरात १९९० पासून मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी स्थापन केलेली आय.पी.एच. (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्यासाठीची संस्थाही काम करते. महाराष्ट्रातील अशा कामात रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणण्याची पद्धत पडली आहे.

औषधांनी अनेकांचे आवाज ओसरतात. घरात सतत टीका होत राहिली तर आजार उलटण्याचा धोका वाढतो. शुभार्थीशी बोलताना टीव्ही बंद करावा, एकाच वेळी दोघांनी बोलू नये, वाक्य छोटे ठेवावे आणि उत्तरासाठी थांबावे. काहींना इअरफोनवर गाणी ऐकल्याने, मोठ्याने वाचल्याने किंवा नुसते गुणगुणल्यानेही आवाजांपासून थोडा वेळ उसंत मिळते.