बीडच्या ऊसतोड बायका आणि गर्भपिशवी : खाड्यापासून सुरू होणारी गोष्ट

२०१९ साली बीड जिल्ह्याचं नाव देशभर गेलं ते ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्यांमुळे. तिशीतल्या, काही तर पंचविशीतल्या बायका, आणि पिशवी काढलेली. तीन वर्षांत जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचं आरोग्यमंत्र्यांनी जूनमध्ये विधिमंडळात सांगितलं. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे साधारण सहाजणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये देशभरातलं हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे.

पाळीत काम बुडतं म्हणून बायका पिशवी काढून टाकतात, असा तेव्हाच्या बऱ्याच बातम्यांचा सूर होता. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धंच आहे. वाचणाऱ्याला वाटतं, बाईनेच बसून हिशेब केला. खरं तर हा हिशेब तिच्या जन्माआधीच मांडून झाला होता.

१९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. पाणी आलं, ऊस आला, पण तोडायला हात कमी पडू लागले. इकडे बीडमधल्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात जमीन मुरमाड आणि पावसाचा भरवसा नाही. १९७२ च्या दुष्काळाने तर कंबरडंच मोडलं. दसरा-दिवाळी झाली की गावंच्या गावं बिऱ्हाड घेऊन कारखान्यांकडे निघू लागली. म्हाताऱ्या माणसांवर घर टाकायचं आणि पाच-सहा महिन्यांनी परतायचं, हा क्रम आजही चालू आहे.

या धंद्याची भाषा नीट ऐकली की बाकीचं आपोआप उलगडतं. मजूर मोजतात ते ‘कोयत्या’वर. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. बाईला वेगळं नाव नाही आणि वेगळी मजुरीही नाही. हंगामाआधी मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा ठेकेदार, जोडीला ‘उचल’ म्हणजे आगाऊ रक्कम देतो आणि ती टनावारी ऊस तोडून फेडायची असते. जोडीतल्या एकाने जरी दिवस चुकवला तरी ‘खाडा’ धरतात. त्याचे पाचशे रुपये किंवा त्याहून जास्त कापले जातात. ताप असो, पोट दुखत असो, पाळीचा दुसरा दिवस असो, खाडा तो खाडाच. मजूर मुकादमाचे, मुकादम तोडणी-वाहतुकीच्या ठेक्यातला. त्यामुळे ज्या कारखान्यासाठी ऊस तुटतो, तो या बाईचा मालक ठरत नाही. कारखान्याच्या आवारात कामगारांसाठी कायद्याने संडास बांधावा लागतो. फडात, म्हणजे तोडणी चाललेल्या उसाच्या शेतात, तो कोण बांधणार?

तिचा दिवस जरा जवळून बघू. पहाटे तीन-चारला उठून कोपीबाहेर चूल पेटवायची. कोपी म्हणजे वाकायला लावणारी झोपडी, तिला ना मोरी ना दार. उजाडायच्या आत फडात पोचायचं. नवरा तोडत जातो, ती पाचट काढते, मोळी बांधते आणि तीस-चाळीस किलोची ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. गाडी रात्री आली तर भरणीही रात्रीच. अंगावर तीच साडी, घामाने ओली. पाळीचं कापड बदलायला आडोसा नाही, धुवायला पाणी नाही. धुतलंच तर ते दुसऱ्या कपड्याखाली, अंधारात, अर्धवट वाळतं. लघवीला जावं लागू नये म्हणून दिवसभर पाणी कमी प्यायचं. लग्न लवकर झालेलं, विशीच्या आत दोन-तीन बाळंतपणं, आणि बाळंतपणानंतर जेमतेम विश्रांती. मग अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोट दुखणं, कंबर धरणं, लघवीची जळजळ हे सगळं सुरू होतं.

ही दुखणी कोणाला माहीतच नव्हती असं नाही. गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली, तेव्हा ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग आढळले. त्याआधी तशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. हा अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. जगभर त्याची चर्चा झाली, तरी गावातल्या बाईला खासगी दवाखान्याशिवाय दार उघडलं नाही. पांढरं जाण्याचं कारण बहुतेक वेळा जंतुसंसर्ग असतो आणि तो गोळ्यांनी बरा होतो. पण त्यासाठी तपासायला हवं, पुन्हा बोलवायला हवं, नवऱ्यालाही औषध द्यायला हवं. सहा महिने परमुलखात असलेली बाई पुन्हा येणार कशी? तिला सोनोग्राफीचा कागद दाखवून ‘पिशवीला सूज आहे, कॅन्सर होईल’ असं सांगितलं जातं. मुलं झालेली असतात, भीती बसलेली असते. ती ‘हो’ म्हणते. या ‘हो’ला संमती म्हणायला माझं मन तयार होत नाही.

हे बीडपुरतंही नाही. राजस्थान, बिहार, छत्तीसगडमधूनही अनावश्यक शस्त्रक्रियांच्या तक्रारी आल्या. काही ठिकाणी सरकारी विम्याचे पैसे मिळवण्यासाठी त्या झाल्याचा आरोप होता. त्यावरच्या जनहित याचिकेचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दिला आणि राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. बीडमध्ये त्याआधीच, २०१९ साली, खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचं बंधन आलं. ते आवश्यकच होतं. पण हा पहारा दवाखान्याच्या दाराशी आहे. खाडा, पाणी आणि आडोसा हे प्रश्न फडातले आहेत.

पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर ऐन तिशीत पाळी जाण्याच्या वयातले त्रास सुरू होतात. अंगाची आग होते, हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे जड उचलायचं नसतं. इथे तर कामच मोळी उचलण्याचं. शिवाय ऑपरेशनचा खर्च भागवायला घरात पैसा नसतो. तो व्याजाने येतो, नाहीतर मुकादमाकडून. पुढच्या दसऱ्याला तो आकडा वहीत उचल म्हणून चढतो, आणि टाके जेमतेम भरलेली बाई तो फेडायला पुन्हा फडात उभी राहते.