सोडा हवाय? आधी सांगा, कोणता!

"पाव किलो सोडा द्या." हे वाक्य आमच्या काउंटरवर रोजचंच. दिवाळीच्या गर्दीत नवीन मुलाने अशाच एका मागणीवर धुण्याचा सोडा बांधून दिला. ताई तासाभरात परत आल्या, हातात ढोकळ्याच्या पिठाचं पातेलं. सोडा पडताच हळद घातलेलं पिवळं पीठ कुंकवासारखं लाल झालं होतं. नशीब, हळदीने चुगली केली. चूक आमचीच होती. तेव्हापासून "कोणता सोडा?" असं विचारल्याशिवाय पुडी बांधली जात नाही. रसायनांची नावं नीट कशी सांगायची याचं हे पत्रकही तिथूनच सुचलं.

खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. नव्या पद्धतीचं नाव सोडियम हायड्रोजन कार्बोनेट. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. कॉस्टिक सोडा म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, हा कातडी भाजतो. तिघांतही सोडियम आहे, म्हणून तिघेही 'सोडा'. पण एक पोटात जातो, एक बादलीत, आणि तिसऱ्याला हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही.

मोरचूद, हिराकस, नवसागर, टाकणखार ही नावं गोड आहेत, आम्हीही तीच वापरतो. मात्र आत काय आहे ते त्यांतून कळत नाही. नवसागराचा सागराशी काही संबंध नाही. कल्हईवाल्याकडे पांढरा धूर काढतो ते अमोनियम क्लोराइड. युरोपातही पूर्वी असाच गोंधळ होता. १७८७ मध्ये पॅरिसला रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांनी ठरवलं की पदार्थ ज्यापासून बनला, तेच त्याच्या नावात दिसावं. त्या पद्धतीची देखभाल आज आयुपॅक ही १९१९ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय संस्था करते.

नाव वाचताना शेपटाकडे बघा. धातू आधी येतो, शेवटचा तुकडा पुढची गोष्ट सांगतो. सल्फाइडमध्ये गंधक आहे, ऑक्सिजन नाही. सल्फाइटमध्ये गंधकासोबत तीन ऑक्सिजन, सल्फेटमध्ये चार. (हायड्रॉक्साइड आणि सायनाइड हे 'आइड'वाले असूनही नियमात बसत नाहीत, प्रत्येक घरात असा एखादा असतोच.) चिठ्ठीत 'नायट्रेट'चं 'नायट्राइट' झालं तर माल बदलतो. सोडियम नायट्राइट थोडं पोटात गेलं तरी जिवावर बेतू शकतं. म्हणून अशी नावं फोनवर न सांगता लिहून पाठवा.

हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. डबा उघडा राहिला की हिरवट खडे पिवळे-तांबूस पडतात. हवेमुळे फेरसचं फेरिक होत जातं. लोह तेच, पण त्याचा विद्युतभार दोनवरून तीनवर गेलेला. असा माल परत आणू नका, झाकण लावा.

आता बागायतदारांसाठी. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट पेंटाहायड्रेट. 'पेंटा' म्हणजे पाच, 'हायड्रेट' म्हणजे पाणी. निळ्या खड्यात वजनाचा ३६ टक्के भाग पाणीच असतं. शिक्षकांनी परीक्षानळीत खडा तापवून दाखवावा: निळा रंग उडून पांढरी भुकटी होते, थंड झाल्यावर थेंबभर पाणी टाकलं की पुन्हा निळी. बोर्डो, म्हणजे बुरशीवर फवारायचं मोरचूद-चुन्याचं मिश्रण. त्याचं एक टक्क्याचं प्रमाण, म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, हे या निळ्या खड्यासाठी आहे. पांढरं, निर्जल कॉपर सल्फेट किलोभर घेतलंत तर तांबं दीडपटीहून जास्त पडेल आणि पानं भाजू शकतात. मागणीत कॅस क्रमांक (प्रत्येक रसायनाचा ठरलेला ओळख क्रमांक) लिहिलात तर घोटाळाच नको: निळ्याचा ७७५८-९९-८, पांढऱ्याचा ७७५८-९८-७.

"हे सेंद्रिय आहे का?" हाही नेहमीचा प्रश्न. रसायनशास्त्रात सेंद्रिय म्हणजे ढोबळमानाने कार्बनची संयुगं. त्या हिशेबाने युरिया सेंद्रिय आणि मोरचूद असेंद्रिय. १८२८ साली व्होलर या रसायनशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत युरिया बनवला ही त्या शास्त्रातली मोठी घटना. सेंद्रिय शेतीत मात्र युरिया चालत नाही, आणि बोर्डोला मर्यादित परवानगी असते. शब्द एक, अर्थ दोन. आम्हाला आधी सांगा तुम्ही वर्गातून आलात की शेतातून.

'स्पिरिट' मागू नका, इथेनॉल हवंय की मिथेनॉल ते त्याने कळत नाही. इथेनॉलमध्ये दोन कार्बन असतात, मिथेनॉलमध्ये एक. तेवढ्या एका कार्बनाच्या फरकाने मिथेनॉल माणसाला आंधळं करतं, मारतं.

ग्रामपंचायतींसाठी शेवटचं. विहिरीत टाकायची टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. तिचं काम करतं ते कॅल्शियम हायपोक्लोराइट. आम्लाशी गाठ पडली की त्यातून क्लोरीन वायू सुटतो. म्हणून टीसीएल आणि संडास धुण्याचं ॲसिड आम्ही एका पिशवीत देत नाही. दुसरी पिशवी घरून आणा, नाहीतर आमच्याकडे जुनी गोणपाटं आहेत.