एफपीजीए बोर्ड विकत घ्यायचा की स्वतःचा बनवायचा?

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एसपीएम (एकाच ठरावीक कामासाठीचं खास मशिन) आणि टेस्ट रिग बनवणाऱ्या माणसाला, तसंच शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट करणाऱ्या इंजिनीअरिंगच्या मुलाला, एफपीजीए, म्हणजे आतलं सर्किट आपल्याला हवं तसं घडवता येणारी चिप, हातात घेतला की पहिल्या आठवड्यातच हा प्रश्न पडतो. बाजारात मिळणारा तयार बोर्ड मशिनमध्ये बसवावा, की त्यावरची चिप घेऊन स्वतःची पीसीबी, म्हणजे भाग जोडायची सर्किटची पाटी, काढावी? बहुतेक वेळा उत्तर किमतीवरून दिलं जातं. माझ्या मते किंमत बऱ्याच नंतर येते. आधी बघायचं ते हे, की आपल्या कामातला अवघड भाग चिपच्या आत आहे की चिपच्या बाहेर.

आधी चिपबद्दल थोडं. मायक्रोकंट्रोलरमध्ये एक प्रोसेसर प्रोग्रामच्या सूचना एकामागून एक चालवतो. एफपीजीएमध्ये आपण प्रोग्राम चालवत नाही, सर्किटच घडवतो. आत हजारो छोटी लुकअप टेबलं (इनपुटवरून ठरलेलं उत्तर देणारे तक्ते) आणि फ्लिपफ्लॉप (एकेक बिट लक्षात ठेवणारे) असतात, त्यांच्यामध्ये तारांचं जाळं असतं, आणि कोण कुणाला जोडायचं हे आपलं डिझाइन ठरवतं. झायलिंक्स कंपनीने १९८५ साली एक्ससी२०६४ ही अशी पहिली चिप बाजारात आणली. तिच्यात फक्त ६४ लॉजिक ब्लॉक होते. आज कॉलेजच्या लॅबमध्ये दिसणाऱ्या बेसिस ३ बोर्डवरच्या आर्टिक्स-७ चिपमध्ये २०,८०० लुकअप टेबलं आहेत.

आता कोल्हापुरातलंच एक काम डोळ्यासमोर ठेवू. आठ स्पिंडलचं एसपीएम आहे आणि प्रत्येक स्पिंडलवर फेऱ्याला २,५०० पल्स देणारा एन्कोडर, म्हणजे फिरणं मोजायचा सेन्सर, बसवलाय. स्पिंडल मिनिटाला ३,००० फेरे, म्हणजे सेकंदाला ५० फेरे फिरतो. एका एन्कोडरचे सेकंदाला १,२५,००० पल्स झाले. एन्कोडरच्या ए आणि बी या दोन्ही लाइनींच्या चढत्या-उतरत्या कडा मोजल्या तर ५ लाख. आठ स्पिंडलांचे मिळून ४० लाख, म्हणजे दर पाव मायक्रोसेकंदाला एक कड. एक-दोन एन्कोडरसाठी एफपीजीए मुळीच लागत नाही, चांगल्या मायक्रोकंट्रोलरमध्ये त्यासाठी वेगळे टायमर असतात. तेवढ्यासाठी कुणी एफपीजीए गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. पण आठही मोजायचे, त्यांची एकमेकांशी तुलना करायची आणि फरक वाढला की तिथल्या तिथे मशिन थांबवायचं, तर एफपीजीएला पर्याय शोधणं कठीण आहे. १०० मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर एका एन्कोडरच्या दोन कडांमध्ये २०० ठोके मिळतात, आणि आठ काउंटर म्हणजे आठ स्वतंत्र सर्किटं, कुणी कुणासाठी थांबत नाही.

हे लॉजिक लिहिताना आणि तपासताना तयार बोर्डच घ्यावा, याबद्दल माझ्या मनात काडीचीही शंका नाही. तो बोर्ड म्हणजे नुसती चिप नसते. आर्टिक्स-७ ला गाभ्यासाठी १ व्होल्ट, आतल्या मदतनीस सर्किटांसाठी १.८ व्होल्ट आणि पिनांसाठी बहुधा ३.३ व्होल्ट लागतो, आणि हे सप्लाय कोणत्या क्रमाने चढावेत हेही डेटाशीटमध्ये सांगितलेलं असतं. प्रत्येक सप्लायवर चिपच्या अगदी जवळ कपॅसिटरची रांग लागते. शिवाय क्लॉक, फ्लॅश मेमरी, यूएसबीवरून चिप लोड करायचं जेटॅग सर्किट. बेसिस ३ वरच्या चिपला खालच्या बाजूने सोल्डरचे २३६ गोळे आहेत, १० मिलिमीटरच्या चौकोनात, एकमेकांपासून अर्ध्या मिलिमीटरवर. सोल्डरिंग गनचं टोक तिथे पोचत नाही. स्टेन्सिल, रिफ्लो ओव्हन आणि जोड तपासायला एक्स-रे लागतो. आपली पहिलीच पीसीबी असेल आणि बोर्ड चालला नाही, तर चूक लॉजिकची, सप्लायची की न दिसणाऱ्या एखाद्या गोळ्याची, हे शोधण्यात महिने जातात. तयार बोर्डवर निदान हार्डवेअर शंकेच्या बाहेर असतं, आणि नवशिक्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

हाच बोर्ड शॉपफ्लोअरवर नेला की चित्र पालटतं.

एन्कोडरची लाइन बहुधा ५ व्होल्टची, प्रॉक्सिमिटी सेन्सर २४ व्होल्टचे. आर्टिक्स-७ च्या पिनेला ३.३ व्होल्टच्या वर काही चालत नाही. ५ व्होल्ट थेट दिले तर आज ना उद्या पिन जाते. म्हणजे मधे लाइन रिसीव्हर आणि ऑप्टोकपलर (प्रकाशातून सिग्नल पोचवून दोन सर्किटं वेगळी ठेवणारा भाग) हवेतच. ते झीरो पीसीबीवर (नुसत्या छिद्रांच्या तयार पाटीवर) लावून जंपर वायरने बोर्डला जोडले तर टेबलावर सगळं छान चालतं. मशिनवर कंपनाने जंपर सैल होतात. शेजारच्या पॅनेलमधला व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) सेकंदाला हजारो वेळा मोठा व्होल्टेज चालू-बंद करतो, आणि त्या प्रत्येक झटक्याचा अंश उघड्या, लांब वायरमध्ये उतरतो. काउंटरला तो अंश एन्कोडरची कड वाटतो. आवारात फाउंड्री असेल तर वाळूची आणि लोखंडाची बारीक धूळ यूएसबी सॉकेटपर्यंत जाते. उष्णतेचंही बघावं लागतं: शिकण्याच्या बोर्डवर बहुधा कमर्शिअल ग्रेडची चिप असते, आतलं तापमान ८५ अंशांपर्यंत चालणारी. इंडस्ट्रिअल ग्रेडची चिप १०० अंशांपर्यंत आणि खाली उणे ४० पर्यंत चालते. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमधल्या बंद पॅनेलला हात लावून बघितलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागणार नाही.

एक गोष्ट मात्र तपशिलात सांगायला हवी, कारण तिथे माणसाच्या हाताला इजा होऊ शकते. आर्टिक्स-७ सारख्या एफपीजीएमधलं सर्किट कायमचं नसतं. लाइट गेली की ते पुसलं जातं, आणि लाइट आली की फ्लॅशमधून पुन्हा भरलं जातं. बेसिस ३ वरच्या आर्टिक्स-७ ३५टी साठी हा मजकूर सुमारे पावणेदोन कोटी बिटांचा आहे. चार लाइनींवरून ३३ मेगाहर्ट्झने भरला तर सेकंदाचा साधारण आठवा भाग पुरतो, पण एकाच लाइनवरून ३ मेगाहर्ट्झने भरला तर जवळपास ६ सेकंद. या मधल्या काळात चिपच्या आउटपुट पिनांवर आपलं काहीही नियंत्रण नसतं. त्या एकतर अधांतरी असतात, नाहीतर चिपच्या आतल्या बारीक पुल-अपने वर, म्हणजे सप्लायच्या व्होल्टेजकडे, ओढलेल्या असतात. कोणतं ते एका ठरावीक पिनेच्या जोडणीवरून ठरतं, आणि तयार बोर्डवर ती जोडणी बनवणाऱ्याने आधीच करून टाकलेली असते. समजा त्या आउटपुटवर ट्रान्झिस्टर आहे, ट्रान्झिस्टरवर रिले आणि रिलेवर क्लॅम्पचा सोलेनॉइड. पुल-अपचा प्रवाह ३.३ व्होल्टला ९० ते ३३० मायक्रोअँपिअर असू शकतो. खाली ओढायला सवयीने १० किलोओहमचा रेझिस्टर लावला तर ९० मायक्रोअँपिअरलाही बेसवर ०.९ व्होल्ट चढू पाहतो, आणि ट्रान्झिस्टर चालू व्हायला ०.६-०.७ व्होल्ट पुरे. लाइट आल्या आल्या क्लॅम्प हलेल, आणि कदाचित ऑपरेटर त्याच वेळी जॉब काढत असेल. तिथे १ किलोओहम लावा. मग जास्तीत जास्त प्रवाहालाही व्होल्टेज ०.३३ च्या पुढे जात नाही. इमर्जन्सी स्टॉप तर एफपीजीएवर कधीच सोपवू नये, तो थेट कॉन्टॅक्टरची लाइन तोडणारा असावा. हे रेझिस्टर, हे ऑप्टो, स्क्रूचे टर्मिनल, व्यवस्थित अर्थिंग, यासाठी स्वतःची पीसीबी लागतेच.

मग एफपीजीएसकट सगळीच पीसीबी स्वतः करावी का? इथे पैशाचा हिशेब येतो, आणि कोल्हापूरला तो पॅटर्नच्या, म्हणजे कास्टिंगचा साचा घडवायच्या नमुन्याच्या, भाषेत चटकन कळेल. दोन कास्टिंगसाठी कुणी मेटल पॅटर्न करत नाही. शंभर लागणार असतील तर लाकडी पॅटर्नवर कुणी थांबत नाही. समजा तयार बोर्ड १५ हजारांना मिळतो. स्वतःच्या पीसीबीचं डिझाइन, पहिला लॉट आणि असेम्ब्ली मिळून दीड लाख खर्च येतो, आणि पुढचा प्रत्येक बोर्ड ६ हजारांत पडतो. बोर्डमागे ९ हजार वाचतात, म्हणजे १७ व्या बोर्डला खर्च निघतो. पण हे पहिला लॉट बरोबर निघाला तर. एक दुरुस्तीची फेरी लागली आणि आणखी लाखभर गेला की आकडा २८ वर जातो. वर्षाला चार मशिन देणाऱ्याला ती सात वर्षं झाली.

म्हणून अशा कामांसाठी मी एकच सल्ला देतो: चिपच्या बाहेरचं सगळं स्वतःचं करा, चिप आणि तिचा सप्लाय दुसऱ्याच्या मॉड्यूलवर राहू द्या. एफपीजीए, फ्लॅश आणि क्लॉक असलेली छोटी मॉड्यूल मिळतात. सीमॉड ए७ हे तर ४८ पिनांचं, आयसीसारखं सॉकेटमध्ये बसणारं आहे, आणि त्यावर तीच आर्टिक्स-७ आहे. त्याखालचा आपला बेस बोर्ड साध्या दोन लेअरचा होऊ शकतो. त्यावर मोठे भाग, मोठे पॅड. उद्यमनगरात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करून हात बसलेला माणूसही तो जोडू शकतो. बेस बोर्डमध्ये चूक निघाली तर तो फेकायचा, मॉड्यूल काढून नव्यावर लावायचं. मात्र मॉड्यूल सॉकेटमध्ये नुसतं खोचून ठेवू नये. कंपनाने उचलू नये म्हणून वरून पट्टी किंवा स्टँडऑफ द्यावा. पिनाही आधी मोजून घ्याव्यात: आठ एन्कोडरच्या ए आणि बी मिळून १६, इंडेक्स (फेऱ्याला एकच पल्स देणारी तिसरी लाइन) धरला तर २४, वर रिलेच्या आणि पीएलसीशी (मशिनच्या कंट्रोलरशी) बोलायच्या.

लॉजिक छोटं असेल तर आणखी एक वाट आहे. लॅटिसच्या आइस-४० अल्ट्राप्लस मालिकेतली यूपी५के चिप ७ मिलिमीटरची, ४८ पॅडची आणि गोळ्यांशिवायची मिळते. गाभ्याला १.२ व्होल्ट, पिनांना ३.३ व्होल्ट, आत ५,२८० लुकअप टेबलं. आठ काउंटरना एवढी पुरून उरतात. पॅड कडेला असल्याने फ्लक्स आणि हॉट एअर वापरून ती हाताने बसवता येते, आणि तिच्यासाठी योसिस, नेक्स्टपीएनआर अशी मोफत, मुक्त टूल्स आहेत. स्वतःची पहिली एफपीजीए पीसीबी करायचीच असेल, तर मुलांनी इथून सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं. यात अडकलं तरी मल्टिमीटर आणि भिंग घेऊन चूक शोधता येते.

गर्बर फाइल (पीसीबी बनवणाऱ्याला द्यायची डिझाइन फाइल) पाठवण्याआधी दोन कामं झालेली असू द्या. पूर्ण लॉजिक खऱ्या पिन-यादीसकट एफपीजीएच्या सॉफ्टवेअर टूलमध्ये कंपाइल करा. क्लॉक वाटेल त्या पिनेवर घेता येत नाही, एका बँकेतल्या (पिनांच्या गटातल्या) सगळ्या पिनांचा व्होल्टेज एकच असतो, आणि टूल या चुका तिथेच दाखवतं. कंपाइल करायला काही मिनिटं लागतात, नवी पीसीबी यायला काही आठवडे. दुसरं, चिप किंवा मॉड्यूल आधी हातात घ्या, मग लेआउट सुरू करा. २०२१-२२ च्या चिपटंचाईत नेमकं उलट केलेल्या अनेकांकडे पीसीबी येऊन पडल्या आणि चिप मात्र वर्षभर मिळाल्या नाहीत. ज्या मशिनला दहा वर्षं सर्व्हिस द्यायची आहे, त्याची दोन-तीन स्पेअर मॉड्यूल पहिल्याच ऑर्डरमध्ये घ्यावीत आणि त्यांचा खर्च पार्टीच्या कोटेशनमध्ये स्पष्ट लिहावा.