पायाच्या खड्ड्यातलं पाणी

आमच्या गल्लीच्या टोकाला नव्या इमारतीसाठी खड्डा खणलाय. भर एप्रिलात त्याच्या भिंतीतून पाणी झिरपतंय, आणि पंप लावून ते रात्रंदिवस गटारात सोडलं जातंय. समोरच्याच सोसायटीच्या दारात टँकर उभा! बघून जीव तुटतो.

पत्र्याच्या फटीतून त्या भिंतीकडे नीट पाहा. वर हात-दोन हात माती, मग पिवळसर मुरूम. त्याखाली मांजऱ्या खडक, बारीक भोकांचा. बऱ्याच भोकांत पांढरे स्फटिक बसलेले. आणि तळाशी घट्ट काळा पाषाण. पाणी येतंय ते नेमकं या दोघांच्या सांध्यातून.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचले, तोच आपला हा बेसाल्ट. वाळूत पाणी सगळीकडे मुरतं, तसं इथे होत नाही. ते मावतं झिजलेल्या थरात, भेगांत आणि सांध्यांत. शिवाय खोल जावं तशा वरच्या भारानं भेगा मिटत जातात. म्हणून शेजाऱ्यांनी तीनशे फूट बोअर घेतली की आपण पाचशे घ्यायची, यातून बहुतेक वेळा हाती फुफाटाच लागतो.

पुनर्भरणाचंही, म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत मुरवण्याचंही तेच. आमच्या सोसायटीनं पहिला शोषखड्डा पार्किंगच्या कोपऱ्यात, सोयीची जागा म्हणून घेतला. खाली निघाला अखंड पाषाण. पाणी पंधरा दिवस तसंच साचून राहिलं, डास झाले. मग एका भूजल अभ्यासकानं जागा पाहून, थोड्याच अंतरावर जिथे मांजऱ्या वर आलाय तिथे खड्डा घ्यायला लावला. आता कितीही पाऊस पडो, पाणी काही तासांत जिरतं.

आणि पाणी थोडंथोडकं नाही. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०० लिटर. पुण्यात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पडतो, म्हणजे ७०,००० लिटर. वाया जाणारं सोडलं तरी दहा हजार लिटरचे पाच टँकर सहज.

शाश्वत विकास म्हणतात तो आमच्या गल्लीपुरता एवढाच: जेवढं मुरेल तेवढंच उपसायचं. पण किती मुरलं हे मोजल्याशिवाय कळणार कसं? म्हणून आम्ही दर महिन्याला बोअरमध्ये टेप सोडून पातळी वहीत लिहितो.

लवकरच तो खड्डा काँक्रीटनं भरेल आणि सांधा कायमचा झाकला जाईल. त्याआधी आत जाऊन, पट्टी धरून फोटो काढलेत, थरांची खोली लिहून घेतलीय. शेजारच्या तीन सोसायट्यांनाही पाठवलीय.